लेकरे शहरात आली, आता आईबाप येत आहेत

खेडे सोडा आणि शहराकडे चला, हे बाबासाहेबांचे सांगणे आमच्या समाजाने जेवढे मनावर घेतले तेवढे फार थोडे घेतले. सारा देश खेड्याचे गोडवे गात होता तेव्हा ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेडे म्हणजे संकुचितपणाचे डबके आणि अज्ञानाचे, जातीयतेचे आगर असल्याचे ठणकावून सांगितले. ज्यांनी येसकरकी केली, मेलेली ढोरे ओढली, भाकरीच्या तुकड्यासाठी दारोदार जोहार घातला, त्यांना हे पटवून देण्याची गरजच नव्हती. आमची माणसे निघाली. गिरणीत गेली, गोदीत गेली, रेल्वेत आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेली. १९७२ च्या दुष्काळाने आणखी निघाली. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आमची घरे जळाली, तेव्हा उरलेल्यांतलीही कित्येक निघाली. मग राखीव जागांवरच्या नोकऱ्या आल्या, पोरे शिकली आणि बदलीच्या गावी स्थिरावली.

या सगळ्या स्थलांतराचा हिशेब आमच्या लेखक-कवींनी मांडला आहे. पण त्या हिशेबात एक नोंद राहून गेली. निघाले ते तरुण. मागे राहिले आईबाप. त्यांनी दुसऱ्याच्या शेतात राबून, रोजगार हमीवर खडी फोडून मुलांच्या वसतिगृहाचे पैसे पुरवले आणि स्वतः बौद्धवाड्यातच राहिले. आज तेच आईबाप शहरात येत आहेत. पन्नास वर्षे उशिराने, आणि बहुतेक वेळा स्वतःच्या मर्जीने नव्हे. जोडीदार गेला म्हणून, गुडघे गेले म्हणून, किंवा सुनेला कामाला जायचे आहे आणि नातवंडे सांभाळायला कुणी नाही म्हणून.

हा घरातला प्रश्न आहे, त्यात चळवळीचा काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. आमच्या कार्यकर्त्यांनाही तसेच वाटते, कारण या प्रश्नावर मोर्चा निघत नाही आणि पुतळाही उभा राहत नाही. आम्हाला ते मान्य नाही. ज्यांनी शहराकडे जाण्याचा आदेश मानून आपली लेकरे पाठवली, त्यांना त्या शहरात जागा मिळते की नाही हे पाहणे चळवळीचेच काम आहे.

कोण आहेत हे म्हातारे? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आईचे बोट धरून गेलेले लेकरू आज ऐंशीच्या आसपास आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. त्यात जेलात गेलेला विशीतला तरुण आज ऐंशीच्या पुढे आहे. ज्याने गावात पहिल्यांदा 'यापुढे आम्ही ढोर ओढणार नाही' म्हणून सांगितले आणि त्यापायी वर्षभर बहिष्कार सोसला, तो माणूस एखाद्या उपनगरातल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेला आहे. गावात तो पंच होता. भांडण त्याच्यापुढे यायचे, लग्न त्याला विचारून ठरायचे, १४ एप्रिलला झेंडा त्याच्या हातून लागायचा. शहरात तो काय आहे? सकाळी सार्वजनिक संडासाच्या रांगेत उशीर लावणारा आणि रात्री खोकून सगळ्यांची झोपमोड करणारा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि मालिकांत गावाहून शहरात आलेला म्हातारा नेहमी एकाच साच्याचा असतो. त्याला वाडा आठवतो, अंगणातली तुळस आठवते, पिंपळाचा पार आठवतो. पार कुणाचा? आमच्या म्हाताऱ्याला त्या पारावर बसायला कधी जागा होती? देवळाच्या पायरीवर, पाटलाच्या ओसरीवर त्याला कुणी बसवले होते? २००६ साली खैरलांजीत जे घडले ते गावातच घडले, हे आम्ही विसरलेलो नाही. तेव्हा आमच्या म्हाताऱ्याला गावाची ओढ आहे असे सूनबाई सांगते, तेव्हा ती ओढ कशाची ते नीट ऐकावे. ती गावाची नाही. ती बौद्धवाड्याची आहे. चार पत्र्यांच्या का होईना पण स्वतःच्या नावावरच्या घराची आहे, समाजमंदिरातल्या संध्याकाळच्या वंदनेची आहे, आणि दारावरून जाणारा प्रत्येक जण 'जयभीम आबा' म्हणून थांबायचा त्याची आहे. शहरात त्याला दिवसभर कुणी जयभीम घालत नाही, हे त्याचे दुखणे आहे.

आणि कधी कधी तर घालू दिला जात नाही. हे लिहिताना आम्हाला जड जाते, पण लिहिले पाहिजे. आमच्यातला जो वर्ग शिकून वर गेला आणि संमिश्र वस्तीत फ्लॅट घेऊन राहिला, त्याच्या घरी आई आली की एक विचित्र अवघडलेपण सुरू होते. बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत असतो. दाराच्या पाटीवर आडनाव नसते, किंवा असलेच तर ते कुठल्याही जातीत खपून जाणारे असते. आईला यातले काही माहीत नसते. ती लिफ्टमध्ये भेटलेल्या बाईला मोठ्याने जयभीम करते. शेजारीण चौकशी करायला आली की आपण कुठल्या वाड्यातले ते सरळ सांगून टाकते. दुपारी सुकट भाजते, आणि संध्याकाळी सोसायटीच्या चेअरमनचा फोन येतो. मग मुलगा आईला हळूच समजावतो, 'आई, इथे जरा सांभाळून बोलत जा.'

त्या मुलाची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. भाड्याने घर घ्यायला गेले की आधी आडनाव आणि मग खाणेपिणे विचारतात, हे आमच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. त्याच्या मुलीला शाळेत काय ऐकावे लागेल याची त्याला धास्ती आहे. पण या भीतीची किंमत आईने का मोजावी? जिने गावात पाटलासमोर जयभीम म्हणायला कमी केले नाही, तिने मुलाच्या मालकीच्या फ्लॅटमध्ये आवाज खाली का करावा? गावाने तिला वेशीबाहेर ठेवले होते. पण तिथे निदान आपल्या माणसांत ती मोकळी होती. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांविषयी जी खंत बोलून दाखवली तिचे स्मरण आम्ही भाषणातून दरवर्षी करतो. आपली आई गप्प बसलेली असताना ते स्मरण कुणाच्या कामाचे?

झोपडपट्टीतल्या, चाळीतल्या घरात हे दुःख नाही. तिथे जयभीम आहे, गल्ली आहे, ओटा आहे. तिथे अडचण जागेची आहे. दहा बाय बाराच्या खोलीत नवरा-बायको, दोन मुले आणि आई. आई मोरीपाशी झोपते, किंवा पोटमाळ्यावर, आणि पोटमाळ्याची लोखंडी शिडी सत्तरीतल्या बाईने रात्री-अपरात्री कशी उतरायची याचा विचार खोली बांधताना कुणी केलेला नसतो. आता पुनर्विकास होतो आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली जाऊन ५०० चौरस फुटांचे घर मिळते, झोपडपट्टी पुनर्वसनात ३०० चौरस फुटांचे मिळते, याचा आनंदच आहे. त्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे झगडा केला आहे. पण टॉवर उभा राहिला की ओटा जातो, चाळीची गॅलरी जाते. लिफ्ट बंद पडली की सतराव्या मजल्यावरची आजी घरात कोंडली जाते. इमारतीच्या आराखड्यात विहारासाठी, म्हाताऱ्यांना बसण्यासाठी तळमजल्यावर जागा मागून घ्यायची असते, आणि ती संमतीपत्रावर सह्या करण्याआधी मागायची असते. आमच्या किती रहिवासी समित्यांनी ती मागितली?

बाबासाहेबांच्या चरित्रातली एक गोष्ट आम्हाला या संदर्भात महत्त्वाची वाटते. रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त होऊन साताऱ्याला राहत होते. १९०४ च्या सुमारास, पन्नाशी ओलांडलेली असताना, त्यांनी बिऱ्हाड मुंबईला हलवले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत संसार मांडला. कारण एकच, मुलांचे शिक्षण. त्या खोलीत अभ्यासाला जागा नव्हती. म्हणून भीमरावांना लवकर झोपवून सुभेदार स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवत आणि त्यानंतर आडवे होत. २ फेब्रुवारी १९१३ ला ते याच शहरात गेले. आमच्या समाजात शहरात आलेला म्हातारा बाप ओझे असतो असे ज्याला वाटत असेल त्याने ही एक खोली डोळ्यांसमोर आणावी.

आता कागदांकडे वळू, कारण गावाहून आलेला म्हातारा सगळ्यात जास्त भरडला जातो तो कागदांत. श्रावणबाळ योजनेचा पगार, म्हणजे अनुदान, दरमहा १५०० रुपये आहे. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. महिन्याला १७५० रुपये! एवढ्यात कुटुंब चालवून दाखवणारा अधिकारी आम्हाला भेटायचा आहे. बाई गावात एकटी होती तोवर ती या मर्यादेत बसत होती. मुलाकडे आली म्हणजे मुलाच्या कमाईत मोजली जाण्याची भीती. प्रकरण गावाकडच्या तहसीलमध्ये, दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, आणि पडताळणीला तलाठी आला तेव्हा बाई घरी सापडली नाही तर नाव कमी होण्याची धास्ती. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये ऐंशीच्या आतल्या माणसाला केंद्राचा वाटा अजूनही महिना २०० रुपये आहे, त्यावर काय बोलावे?

म्हणून होते असे की बाई राहते शहरात आणि कागदावर राहते गावात. १५०० रुपयांसाठी ती अधूनमधून एसटीने गावाला जाते. पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला हे एक बरे झाले. मात्र ती सवलत शहरातल्या बसला नाही, त्यामुळे गाव फुकट आणि दवाखाना पैसे मोजून, असा उलटा न्याय. रेशनकार्ड आता कुठल्याही दुकानावर चालते असे शासन सांगते. कार्ड चालते, अंगठा चालत नाही. आयुष्यभर खडी फोडली, ऊस तोडला, भारे वाहिले, त्या हातावरच्या रेषा झिजून गेल्या. मशीन म्हणते, जुळत नाही. ज्या श्रमाने हे राज्य उभे राहिले त्या श्रमाचा हा पुरावा, आणि तोच तिला दुकानातून रिकाम्या हाताने परत पाठवतो. अशा माणसांना पर्यायी पद्धतीने धान्य देण्याची तरतूद आहे, पण ती दुकानदाराला ठणकावून सांगायला सोबत कुणीतरी लागते.

याहून मोठे नुकसान जमिनीचे आहे. आमच्या म्हाताऱ्यांच्या नावावर जी काही जमीन आहे ती दोन प्रकारची. एक वतनाची, जी १९५८ च्या वतन निर्मूलन कायद्यानंतर सारा भरून परत मिळाली आणि जी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. दुसरी गायरानाची, जी लढून कसायला घेतली, आणि जिच्यावरचा १४ एप्रिल १९९० पर्यंतचा ताबा नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. कितीतरी जणांची ती प्रकरणे अजून निकाली निघालेली नाहीत. २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरच्या लोकांना नोटिसा गेल्या तेव्हा सगळ्यांची धावपळ झाली. अशा वेळी ताबा सिद्ध करायला लागते ती पीकपेऱ्याची नोंद. २०२१ पासून ती नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर, शेतात उभे राहून, फोटोसह करायची आहे. आता सांगा, म्हातारा पिंपरीच्या खोलीत आणि शेत परभणी जिल्ह्यात. मुलाला सुट्टी नाही. दोन हंगाम नोंद झाली नाही, की बांधावरचा जातदांडगा नांगर घालायला मोकळा. आमच्या बापाने बहिष्कार सोसून, डोकी फोडून घेऊन मिळवलेले दोन एकर कुठलाही हल्ला न होता जातात. वतनाच्या जमिनी शहरांलगत आल्या आहेत तिथे तर दलालांचे लक्ष नेमके अशाच घरांवर असते, जिथे म्हातारा शहरात नेला आहे आणि कुलूप गंजले आहे.

खेडे सोडणे म्हणजे खेड्यातला हक्क सोडणे, असे बाबासाहेबांनी कधी सांगितले नव्हते. शिवाय एकेकट्याने पांगावे असेही त्यांचे म्हणणे नव्हते. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. आपल्या माणसांनी एकत्र आणि सुरक्षित राहावे हा त्या मागणीचा गाभा होता. आज आम्ही शहरात पोहोचलो खरे, पण एकेका फ्लॅटमध्ये एकेक होऊन. त्याची झळ तरुणाला कमी लागते, त्याला ऑफिस आहे, मोबाईल आहे. सकाळी नऊ ते रात्री आठ बंद दारामागे बसणाऱ्या आईला ती पुरी लागते.

मुलींबद्दलही बोलायला हवे. आमच्या घरांत अजून 'लेकीच्या घरी राहणे शोभत नाही' असे आईच सांगते, आणि तीन मुलांकडे चार-चार महिन्यांच्या पाळीने फिरत राहते. एका मुलाकडे औषधाची चिठ्ठी राहते, दुसऱ्याकडे चष्मा. लेकीला वारसा मिळावा म्हणून हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेब झगडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्या अनुयायांच्या घरात लेकीचा उंबरा अजून परका कसा? जिच्याकडे आई सुखी राहील तिच्याकडे तिने राहावे आणि खर्च भावंडांनी वाटून घ्यावा, एवढे साधे ठरवायला काय हरकत आहे? जिथे कुणीच विचारत नाही तिथे २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरण दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह देववू शकते, आणि सांभाळण्याच्या अटीवर मुलाच्या नावे करून दिलेले घर परतही मिळवून देऊ शकते. पण आमची आई मुलाविरुद्ध अर्ज करणार नाही. ती उपाशी झोपेल. म्हणून घरात शब्द टाकायला समाजातले वडीलधारे लागतात.

मग हे सगळे कुणी करायचे? आमच्या मते त्यासाठी नवी संघटना काढू नये. आधीच काय कमी आहेत? आहेत त्यांनाच कामाला लावावे. कोकणातल्या आमच्या बांधवांचे या बाबतीत कौतुक केले पाहिजे. त्यांचे गाव मंडळ असते आणि मुंबई मंडळ असते, दोघांचा पत्रव्यवहार असतो, वर्गणी असते, मयतीला माणूस पोहोचतो. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या लोकांनी पुण्या-मुंबईत अशी गाववार, तालुकावार मंडळे नीट बांधली तर जमिनीचा आणि पगाराचा प्रश्न निम्मा सुटेल. गावात राहिलेला एक सुशिक्षित पोरगा आणि शहरातले वीस नोकरदार, एवढ्यावर वीस शेतांची पीक पाहणी होऊ शकते. त्या पोराला वर्षाकाठी मानधन द्यावे, फुकट राबवू नये.

आणि विहारे. प्रत्येक वस्तीत विहार आहे. देणग्या काढून, संगमरवर बसवून बांधलेले आहे. बहुतेक ठिकाणी ते पौर्णिमेला, जयंतीला आणि ६ डिसेंबरला उघडते. वर्षावासाचे तीन महिने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' चे वाचन चालते, तेव्हा पाहावे, सर्वात आधी येऊन बसलेल्या असतात त्या म्हाताऱ्या बायाच. पांढरे पातळ नेसून, घरून पाण्याची बाटली घेऊन. वाचता येत नाही तरी कुठला प्रसंग कुठे येतो हे त्यांना पाठ असते. आश्विन पौर्णिमेला समारोप झाला की विहाराला कुलूप आणि बायांना घर. ते कुलूप रोज दुपारी दोन ते सहा का उघडू नये? पंखा आहे, सतरंजी आहे, बाहेर नळ आहे. तिथेच आठवड्यातून एकदा कागदपत्रांचा जाणकार बसेल, एकदा रक्तदाब तपासणारी नर्स येईल, आमच्या समाजात नर्स कमी नाहीत. मतदार यादीत शहराचा पत्ता घालण्याचा नमुना ८ तिथेच भरता येईल. जिची गावात जमीन नाही, पगार नाही, तिचे मत तरी गावात ठेवून काय करायचे? या वस्तीच्या नगरसेवकाला या म्हाताऱ्यांची गरज पडली पाहिजे.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. त्याच्या आधीच्या रविवारी प्रत्येक विहार समितीने बैठक लावावी आणि एक वही घालावी. वस्तीत कुणाच्या घरी गावाहून म्हातारे माणूस आले आहे, गाव कोणते, तालुका कोणता, पगार कुठल्या तहसीलमधून येतो, जमीन कुठल्या गटात, औषध कोणते चालू आहे, घर कितव्या मजल्यावर, जिना चढवतो का. आणि शेवटच्या रकान्यात, १९५६ साली कुठे होता, १९७८ साली कुठे होता, काय पाहिले, काय केले. लिहायला कॉलेजातली पोरे बसवावीत. दुपारची वेळ ठेवावी, म्हाताऱ्यांना संध्याकाळी नीट दिसत नाही.